साहसाचे हमीपत्र

गिर्यारोहणाच्या, प्रस्तरारोहणाच्या किंवा खळाळत्या नदीतील नौकानयनाच्या प्रशिक्षणवर्गात प्रवेश घेणाऱ्याला पहिला दोर किंवा पहिले वल्हे हाती येण्यापूर्वी एका कागदावर सही करावी लागते. दार्जिलिंगची १९५४ साली स्थापन झालेली हिमालयीन गिर्यारोहण संस्था असो, उत्तरकाशीची १९६५ सालची नेहरू गिर्यारोहण संस्था असो, सह्याद्रीत शनिवार-रविवारी निघणारी एखादी हौशी मोहीम असो किंवा अमेरिकेतील बर्फावरची घसरगुंडी शिकविणारी शाळा असो, हा कागद सर्वत्र आढळतो. कोठे त्याला जोखीमपत्र म्हणतात, कोठे हमीपत्र, आणि शिकणारा अल्पवयीन असेल तर पालकांचे संमतीपत्र. वैद्यकीय दाखला, रक्तगट आणि बुटाचे माप यांच्या जोडीनेच तो भरून द्यायचा असतो. सही करणारा बहुधा बुटाच्या मापाचा रकाना अधिक काळजीपूर्वक भरतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. बूट आपल्याला चावणार हे त्याला ठाऊक असते, कागद चावेल असे त्याच्या मनातही येत नाही.

या कागदाची भाषा देशोदेशी वेगळी असली तरी त्यात मूलतः दोनच विधाने असतात. पहिले असे : या उपक्रमात इजा होण्याचा, प्रसंगी मृत्यू येण्याचाही संभव आहे हे मला समजले आहे, आणि तो धोका मी स्वेच्छेने पत्करीत आहे. दुसरे असे : काही विपरीत घडल्यास, ते संस्थेच्या किंवा तिच्या प्रशिक्षकांच्या निष्काळजीपणामुळे घडले असले तरीही, मी किंवा माझे वारस त्यांच्यावर कोणताही दावा करणार नाही. ही दोन विधाने पुष्कळदा एकाच वाक्यात, ‘आणि’ या निरुपद्रवी अव्ययाने जोडलेली असतात. वाचणाऱ्याला वाटते, दुसरे पहिल्यातूनच निघाले. या कागदाविषयीचा नैतिक प्रश्न सगळा या ‘आणि’पाशी उभा आहे.

पहिल्या विधानाचा उपहास करण्याचे कारण नाही. त्यात सत्य आहे आणि एक प्रकारची प्रतिष्ठाही आहे. पर्वत कोणाला वचन देत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधील द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत वर्गातील तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि २९ जण गमावले गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या; त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे काही दिवसांच्या अंतराने सर करून आलेल्या, तुकडीच्या प्रशिक्षक. शिष्य जे पत्करतो ते गुरूनेही पत्करलेले असते, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय. त्या घटनेत कोणाची काही चूक होती की नव्हती, हा येथील विषय नव्हे. मुद्दा एवढाच की अनुभवाची कमाल गाठलेल्या माणसालाही हिम ओळखीचा सवलतदर लावीत नाही, आणि हे जाणून वर जाणाऱ्याने ‘मी जाणून जात आहे’ असे लिहून देणे अगदी योग्य आहे.

किंबहुना जोखीम हा या शिक्षणातील वजा करता येण्याजोगा भागच नव्हे. कुर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ साली वेल्समधील अॅबरडव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली ती युद्धकाळात तरुण खलाशांना समुद्राची सवय व्हावी म्हणून. बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी थोराड खलाशांच्या मानाने लवकर हार मानतात, अशी जहाजमालक होल्टची समजूत होती. शरीराच्या बळापेक्षा संकटाची ओळख अधिक उपयोगी पडते, हे त्या शाळेचे मूळ गृहीत आहे. ज्या दोरावर खरोखर कोणाचा तरी भार आहे तो धरल्याशिवाय ही ओळख होत नाही. धोका संपूर्ण काढून टाकलेले साहसशिबिर हे मुलांना खोटे बोलायला शिकविणारे शिबिर ठरेल.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात एका पुलाचे उदाहरण घेतले आहे. मोडकळीला आलेल्या पुलावर कोणी पाऊल टाकीत असेल आणि त्याला सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्याने त्याचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, कारण नदीत पडावे अशी त्याची इच्छाच नसते. परंतु अनर्थ निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, आणि माणूस जाणता असेल, तर त्याला सावध करावे आणि जाऊ द्यावे. जोखीमपत्राच्या पहिल्या विधानाचे याहून चांगले समर्थन सापडणे कठीण. ते पुलाच्या तोंडाशी दिलेला इशारा आहे, आणि सही ही तो ऐकल्याची पोच.

मिलच्या उदाहरणातील सावध करणारा मात्र तिऱ्हाईत आहे. कोणी शिपाई किंवा वाटसरू. पूल त्याचा नाही. प्रशिक्षणवर्गात इशारा देणारा आणि पूल बांधणारा एकच असतो. दोर त्याने निवडलेला असतो, वाट त्याने ठरविलेली असते, ढग पाहून परतायचे की पुढे जायचे हा निर्णय त्याचा असतो आणि त्यासाठी त्याने शुल्क घेतलेले असते. शिकणारा येतो तोच मुळी आपल्याला हे निर्णय करता येत नाहीत म्हणून. पुलाखालची नदी खोल आहे, असे बांधणाऱ्याने सांगणे वेगळे, आणि फळ्या मी नीट ठोकल्या नसल्या तरी विचारू नका, असे त्याने लिहून घेणे वेगळे. दुसऱ्या विधानात जो धोका पत्करायला सांगितला जातो तो पर्वताचा किंवा नदीचा नसतोच. तो माणसाच्या हयगयीचा असतो. आणि हयगय ही निसर्गशक्ती नव्हे.

या दोहोंतील अंतर किती मोठे असते, हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात २२ मार्च १९९३ रोजी घडलेल्या प्रसंगावरून दिसते. प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन समुद्रात गेले. वारा आणि लाटा वाढल्या, नावा उलटल्या, थंड पाण्यात तासन्‌तास मुले तरंगत राहिली आणि त्यांतील चौघांचा मृत्यू झाला. समुद्र थंड असतो आणि वारा फिरतो, एवढेच कारण असते तर तो अपघात ठरला असता. पण प्रशिक्षकांचा अनुभव तुटपुंजा होता, मदतीची खूण करायला प्रकाशबाण नव्हते, सुटकेची हाक वेळेवर गेली नाही. आणि केंद्र सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी चालकाला पत्र लिहून, असेच चालले तर एके दिवशी कोणाच्या तरी आईबापांना तोंड द्यावे लागेल, अशा आशयाची ताकीद दिली होती. डिसेंबर १९९४ मध्ये कंपनी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली. इंग्लंडच्या न्यायेतिहासात एखाद्या कंपनीवर असा दोष सिद्ध होण्याची ही पहिली वेळ होती. कंपनीच्या संचालकाला कारावास झाला आणि पुढच्या वर्षी मुलांच्या साहसकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. त्या देशात १९७७ च्या कायद्यानेच, धंदा करणाऱ्याला आपल्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कोणत्याही कराराने झटकता येत नाही. तेथे कागदातील दुसरे विधान लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

भारतात असा नेमका नियम एका वाक्यात सापडत नाही. पण या देशाच्या व्यवहारात एक विचित्र तुलना दडलेली आहे. रेल्वेने माल पाठविताना ‘मालकाच्या जोखमीवर’ असा कमी दर घेण्याची सोय जुनी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार अशा मालाचे नुकसान झाले तर रेल्वे जबाबदार राहत नाही. मात्र ते रेल्वेच्या किंवा तिच्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे वा गैरवर्तनामुळे झाल्याचे सिद्ध झाले, तर ती सुटत नाही. म्हणजे मालक जी जोखीम उचलतो ती वाटेची. हमालाने पेटी आपटण्याची नव्हे. मद्रास उच्च न्यायालयापुढे साठीच्या दशकात एक धोब्याचे प्रकरण आले होते. धुलाईला दिलेली नवी साडी हरवली, आणि पावतीच्या छापील अटीनुसार ग्राहकाला किमतीच्या केवळ पंधरा टक्के मिळायचे होते. अशी अट सार्वजनिक धोरणाला विरोधी आहे, ती मानली तर दुकानदाराला माल हरविणेच फायद्याचे होईल, असे न्यायालयाने ठरविले. आंब्याची करंडी आणि जरीची साडी यांच्या बाबतीत जो विवेक इतक्या सहजतेने सुचला, तो कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या देहाच्या बाबतीत सुचायला अडचण का पडावी?

अडचण पडते ती ‘हौस’ या शब्दामुळे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली एका विद्यापीठाच्या रुग्णालयाविरुद्ध निर्णय देताना म्हटले की रुग्णाला भरती करून घेताना लिहून घेतलेली दायित्वमुक्ती टिकणार नाही. आजारी माणसाला उपचार हवेच असतात, तो घासाघीस करू शकत नाही. हा निर्णय पुढे वारंवार आधाराला घेतला गेला, आणि त्याच्याच तर्काने कित्येक न्यायालयांनी उलट बाजूही मांडली : उपचार ही गरज आहे, डोंगर चढणे ही हौस, ज्याला अट मान्य नाही त्याने घरी बसावे. तर्क नीटनेटका आहे. पण गरजेच्या जागी निष्काळजीपणा वाईट आणि आनंदाच्या जागी तो चालण्यासारखा, हे त्यातून निघणारे अनुमान फारसे तपासले गेलेले नाही. हलवायाकडे पेढे घेणे कोणाच्याही दृष्टीने अत्यावश्यक नाही. म्हणून त्याला विटलेला खवा वापरण्याची सूट कोणी देत नाही.

मूल मध्ये आले की प्रश्न आणखी अवघड होतो. त्याच राज्यातील सांता बार्बरा शहराने अपंग मुलांसाठी चालविलेल्या उन्हाळी शिबिरात २००२ साली चौदा वर्षांची एक मुलगी पोहण्याच्या तलावात बुडून मरण पावली. तिला फेफरे येत असे. आईने ते आयोजकांना आधीच सांगितले होते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र कार्यकर्ती नेमलेली होती. त्या कार्यकर्तीची नजर काही सेकंद दुसरीकडे गेली. आईने दायित्वमुक्तीच्या कागदावर सही केलेली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असे ठरविले की साध्या निष्काळजीपणासाठी तो कागद कदाचित पुरेसा असेल, पण घोर निष्काळजीपणाची सुटका त्याने होणार नाही. ‘साधा’ आणि ‘घोर’ यांतील रेषा काढणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्यांनी करावे. त्या आईने सही करताना नेमके काय दिले होते, हा प्रश्न मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना शिल्लक राहतो. तिने सगळी माहिती दिली होती; त्या माहितीवर विसंबून कोणीतरी सतत पाहत राहील, एवढाच तिचा सौदा होता. कागदाने तोच सौदा मागल्या दाराने परत घेतला.

त्याच वर्षी, २००२ साली, कॉलोराडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका सतरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण होते. बर्फावरील शर्यतीचा सराव करताना तो झाडावर आदळला आणि त्याची दृष्टी गेली. आईने त्याच्या वतीने केलेली सही त्याचा स्वतःचा दावा बुडवू शकत नाही, असा निर्णय झाला. दुसऱ्याच वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा करून तो फिरविला आणि साध्या निष्काळजीपणापुरता हा अधिकार पालकांना बहाल केला. आपल्या मुलासाठी काय हिताचे ते पालकच ठरवतील, अशी त्यांची भूमिका. भारतीय करारकायद्यात मुलाच्या स्वतःच्या सहीला मोल नाही. अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली निःसंदिग्ध केले आहे. म्हणून कागदावर पालकाची सही घेतली जाते. पालक मुलाला धोक्याच्या वाटेवर पाठवू शकतो काय? अवश्य, त्याशिवाय मूल मोठे होत नाही. पण मुलाच्या देहाला दुसऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या इजेबद्दलचा जाब त्याने मुलाच्या वतीने सोडून द्यावा काय? द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न, दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोणाला आणि कितपत, हा भीष्मालाही सोडविता आला नव्हता. कॉलोराडोच्या विधिमंडळाने तो एका वर्षात सोडविला.

येथे संस्थाचालकांची बाजू टाकून पुढे जाणे अन्यायाचे होईल. साहसाचे बरेचसे शिक्षण आजही मोठ्या कंपन्यांच्या हाती नाही. ते पदरमोड करून दोर विकत घेणाऱ्या, रविवारची झोप सोडून दहा अनोळखी पोरांना कडा उतरायला शिकविणाऱ्या माणसांच्या हाती आहे. शिकाऊ माणूस सूचना न ऐकता कड्याशी जातो, पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या खडकावर छायाचित्रासाठी उभा राहतो, आजार लपवितो. आणि नंतर नातलग आयोजकाचे घर गाठतात. अशा माणसाला संरक्षण हवे, हे कोण नाकारील? एका दाव्यात त्याचे आयुष्यभराचे किडुकमिडुक जाईल, या भीतीने असे दहा जण थांबले तर हजारो मुलांचे डोंगर बंद होतील. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि सुरक्षेचे नियम यांची चौकट घातली, तेव्हा हौशी संस्थांत जी अस्वस्थता पसरली तिच्यात केवळ बेशिस्त नव्हती. ही भीतीही होती. विमा महाग असतो आणि कागद स्वस्त.

कागद स्वस्त असतो, कारण त्याची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो. आणि ही किंमत मोजताना पुष्कळदा चूक होते ती असे समजण्यात की प्रश्न फक्त पैशाचा आहे. मराठीत जबाबदारीला एक जड, सरकारी वाटणारा पर्याय आहे : उत्तरदायित्व. शब्द वापरून गुळगुळीत झाला म्हणून त्याची फोड कोणी करीत नाही. उत्तर देण्याचे ऋण, असा त्याचा सरळ अर्थ. ज्यांचे मूल परतले नाही ते प्रथम रक्कम मागत नाहीत. दोर कोणी बांधला होता, ढग कधी दिसले, परत फिरायचे कोणाच्या मनात आले होते काय, शेवटी त्याच्याजवळ कोण होते, हे ते विचारतात. न्यायालयातील दावा हा पुष्कळ समाजांत हे प्रश्न शपथेवर विचारण्याचा एकमेव मार्ग असतो. दायित्वमुक्तीचा कागद भरपाई बंद करताना प्रश्नांचे हे दारही बंद करतो, आणि सही करणाऱ्याला आपण हे दार बंद करीत आहो याची कल्पनाही नसते.

पैसा आणि उत्तर वेगळे करता येतात, हे न्यूझीलंडने दाखविले आहे. त्या देशाने सत्तरीच्या दशकात अपघाताच्या भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू केली. दोष कोणाचाही असो, जखमीचा उपचार आणि कुटुंबाचा आधार योजनेतून होतो; त्याच्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी एकमेकांना न्यायालयात खेचण्याचा हक्क नागरिकांनी सोडला. म्हणजे ज्या दाव्याच्या भीतीने इतरत्र हमीपत्रे लिहून घेतली जातात तो दावाच तेथे जवळजवळ उरलेला नाही. १५ एप्रिल २००८ रोजी टाँगारिरो परिसरातील मँगाटेपोपो घळीत एडमंड हिलरी यांचे नाव धारण करणाऱ्या साहसकेंद्राची एक तुकडी अचानक चढलेल्या पुरात सापडली आणि सहा विद्यार्थी व त्यांचे शिक्षक मरण पावले. पुढे जे झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. चौकशी झाली, सुरक्षेच्या कायद्याखाली खटला झाला, केंद्राने आपला दोष मान्य केला. २०११ साली साहसी उपक्रम चालविणाऱ्यांना सुरक्षातपासणी आणि नोंदणी सक्तीची करणारे नियम आले. तेथील पालकांना हवे होते ते सर्व मिळाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण प्रश्न विचारला गेला आणि कोणी ‘तुम्ही सही केली होती’ असे उत्तर दिले नाही.

दुसऱ्या विधानाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कायद्याच्या कक्षेबाहेरची आहे. ते एका अर्थी आगाऊ मागितलेली क्षमा आहे. परंपरेने क्षमेला फार वरचे स्थान दिले. दुखावलेल्याने दुखविणाऱ्याला दिलेले ते दान होय. त्यासाठी अपराध घडलेला असावा लागतो, दुखावलेल्याला तो समजलेला असावा लागतो आणि नाही म्हणण्याची मोकळीक त्याला असावी लागते. अजून न घडलेल्या अपराधाबद्दल, प्रवेशशुल्काबरोबर, रांगेत उभे राहून दिलेली क्षमा ही क्षमा राहतच नाही. ती परवानगी होते. दरीत मुलगा गमावूनही, त्याला नेणाऱ्या तरुण प्रमुखाच्या खांद्यावर हात ठेवणारे आईबाप पुष्कळ असतात, आणि त्यांच्या त्या कृतीचे मोल यासाठी की त्यांना ती न करण्याचा हक्क होता. आगाऊ घेतलेली सही त्यांच्या हातून हे औदार्यही काढून घेते.

असा कागद असावा की नसावा, एवढ्यावर मग प्रश्न थांबत नाही. पहिले विधान ठेवावे, आणि आज असते त्याहून पुष्कळ अधिक तपशिलाने ठेवावे. ‘इजा किंवा मृत्यू’ हे दोन शब्द इतके व्यापक आहेत की त्यांनी कोणी सावध होत नाही. अमुक कड्यावर दगड सुटतात, अमुक ओढ्याला दुपारनंतर पाणी चढते, अमुक उंचीवर डोके दुखू लागल्यास लपवू नये, येथून जवळचे रुग्णालय इतक्या तासांवर आहे. असे लिहिले तर वाचणारा बुटाचे माप बाजूला ठेवून वाचील. पानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात संस्थेने आपल्याविषयी लिहावे : दोर कोणत्या वर्षी घेतले, एका प्रशिक्षकामागे किती जण असतील, प्रशिक्षकाने कोठे आणि किती शिक्षण घेतले, कोणत्या परिस्थितीत तुकडी परत फिरेल, विमा कोणता आहे, आणि अपघात झाल्यास कुटुंबाला घटनेचा लेखी वृत्तान्त किती दिवसांत मिळेल. त्याखाली संस्थेच्या प्रमुखाने सही करावी. आजच्या बहुतेक छापील नमुन्यांत त्या सहीसाठी जागा सोडलेली नसते.